सखूची कमाई

हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात मराठवाड्याची काही पानं आहेत. सगळ्या पुस्तकाच्या मानानं ती थोडीच. वाचणाऱ्याचं लक्ष असतं प्रभात, बॉम्बे टॉकीज, नटनट्या यांच्यावर, त्यामुळे ही पानं भरभर उलटली जातात. मी जालना जिल्ह्यातली, अंबड तालुक्यातली. मला ती भरभर उलटता येत नाहीत. मुंबई-पुण्याच्या पडद्यावर नावाजलेली एक नटी नवऱ्याशी भांडून घराबाहेर पडते, जोशी नावाच्या माणसाबरोबर मराठवाड्यातल्या एका खेड्यात येते आणि तिथल्या वाड्यात त्याची तिसरी बायको म्हणून तीन वर्षं काढते. एवढी ती हकीकत.

तो वाडा मी पाहिलेला नाही, पण तसले वाडे पाहतच मी मोठी झाले. मोठा दरवाजा, आत शिरल्या-शिरल्या ढाळज, तिथं पानाचा डबा आणि गडीमाणसांची ये-जा. मग चौक, त्यापुढं ओसरी, आणि ओसरीच्या पलीकडं अंधारं माजघर. भिंतीत धान्याचं बळद, वर मातीचं माळवद. ढाळजेत बसलेल्या माणसाला वाड्यात कोण आलं आणि वाड्यातून कोण गेलं हे न उठता कळतं. बायकांचा वावर मागच्या दारानं, तोही कुणाच्या तरी सोबतीनं. मराठवाडा निजामाच्या राज्यातून 17 सप्टेंबर 1948 ला सुटला. अशा माजघरांपर्यंत ती तारीख पोचायला पुढं कितीतरी वर्षं लागली. कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी, स्वतःच्या नावावर तिकिटं खपवणारी बाई त्या अंधारात तीन वर्षं कशी राहिली असेल, याचा विचार करताना मला त्या वाड्याचा वास येतो. शेणानं सारवलेल्या जमिनीचा, चुलीच्या धुराचा, बंद खोलीतल्या जुन्या ज्वारीचा.

हंसाबाईंचं मूळ नाव रतन साळगावकर. जन्म 1923 चा, मुंबईतला. घराणं कलावंतिणींचं, कोकणातलं. गाणं आणि नाटक ही त्या घरात हौस नव्हती, त्यावर घर चालत होतं. घरातली कमाई आटली की नजर घरातल्या मुलीकडं वळायची, आणि ती रतनकडं फार लवकर वळली. 1936 साली ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटात तिनं काम केलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. साळगावकर हे आडनाव पडद्यावर जायला नको असं घरच्यांना वाटलं, म्हणून गायिका-अभिनेत्री इंदिरा वाडकर या आप्त बाईंचं आडनाव घेतलं आणि रतनची हंसा वाडकर झाली. मुलीचा पैसा घरात यायला कुणाची हरकत नव्हती. आडनाव तेवढं बाहेर जायला नको होतं. पुढच्या सगळ्या आयुष्याचा नमुना मला या पहिल्याच व्यवहारात दिसतो.

अजून पंधरा-सोळा वर्षांची होते न होते तोच जगन्नाथ बांदरकरांशी लग्न झालं. तेव्हा या मुलीला काय हवं होतं? तिला सिनेमा सोडायचा होता. घर करायचं होतं, स्वयंपाक करायचा होता, चारचौघींसारखं राहायचं होतं. हे त्या पुस्तकात अगदी साधेपणानं सांगतात. ते झालं नाही, कारण त्यांच्या कमाईवाचून घर चालणार नव्हतं. लग्नाआधी माहेरासाठी कमावलं, लग्नानंतर नवऱ्याच्या घरासाठी.

मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये त्या गेल्या. हिमांशू रॉय आणि देविका राणी यांची ती कंपनी, दिग्दर्शनाला फ्रान्झ ऑस्टेन हा जर्मन माणूस. 1939 च्या ‘नवजीवन’मध्ये त्या झळकल्या. तिथून पुण्याला प्रभातमध्ये. आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे तोच हा स्टुडिओ. त्या काळच्या या कंपन्या कारखान्यासारख्या चालायच्या. नट, नट्या, सुतार, रंगारी, कॅमेरावाले, सगळे महिन्याच्या पगारावर. ठरल्या वेळेला हजर व्हायचं, रंग लावायचा, तालीम करायची, कॅमेरा लागेपर्यंत उन्हासारख्या तापलेल्या दिव्यांखाली थांबायचं. हंसाबाईंबद्दल लिहिणारे त्यांच्या प्रेमांबद्दल आणि दारूबद्दल पानंच्या पानं लिहितात. हे पगारी काम, ही रोजची हजेरी, तिच्यातून कमावलेलं कसब, यावर दोन ओळीही मिळत नाहीत. मला ते खटकतं. ज्या बाईनं तीन दशकं राबून माणसं पोसली तिला आपण अभागी म्हणतो आणि हळहळून मोकळे होतो. तिला आधी कामकरी म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

1941 साली प्रभातचा ‘संत सखू’ आला. दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचं दिग्दर्शन, आणि सखूच्या भूमिकेत अठरा वर्षांच्या हंसाबाई. सखूची गोष्ट आपल्याकडं कुणाला सांगावी लागत नाही. कऱ्हाडची ती सून. पंढरीला जाते म्हटल्यावर सासरच्यांनी तिला खांबाला बांधून घातली. विठ्ठल आला, त्यानं तिचं रूप घेतलं, स्वतःला बांधून घेतलं आणि तिला वारीला पाठवलं. मागं तिच्या वाट्याचं दळण, कांडण, पाणी सगळं केलं.

माझ्या आजीनं हा सिनेमा राजूरच्या गणपतीच्या जत्रेत तंबूत पाहिला होता. मूळ सिनेमा येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तंबूवाले जुनी रिळं घेऊनच गावोगाव फिरत. कनातीच्या एका बाजूला बाया, एका बाजूला गडी, खाली आपापलं पोतं किंवा घोंगडी. बाहेर इंजिन धडधडायचं आणि मधेच रीळ तुटलं की अंधारात लेकरं रडायला लागायची. आजी सांगायची, “सखूला खांबाला बांधलं अन् साऱ्या बाया हुंदके देऊ लागल्या. सिनेमासाठी कोण रडतंय पोरी, ज्याची त्याची सासू ज्याला त्याला आठवली.” तिनं हंसा वाडकर हे नाव आयुष्यात कधी उच्चारलं नाही. तिच्या लेखी ती सखूच होती. अंबडच्या मत्स्योदरीला जाताना ती जशी देवीबद्दल बोलायची तशीच पडद्यावरच्या त्या मुलीबद्दल बोलायची.

पुढं हंसाबाई ‘संत जनाबाई’तही दिसल्या. जनाबाई तर आमच्या गोदाकाठच्या, गंगाखेडच्या. तिथंही तेच: जातं, शेणी, धुणं, आणि हात लावायला आलेला विठ्ठल. मराठी मनाला ही कल्पना फार जवळची आहे, की बाईच्या अंगावरचं काम देव येऊन करतो. घरातला माणूस करील ही कल्पना कुणाला सुचली नसावी.

मराठवाड्यातल्या त्या वाड्यात कुणी विठ्ठल आला नाही. हंसाबाईंनी स्वतःच नवऱ्यापर्यंत निरोप पोचवला, तो पोलिस घेऊन आला आणि त्यांची सुटका झाली. त्या सुटकेच्याही वाटेवर, ज्याच्यासमोर कायद्यानं उभं राहायचं होतं त्या न्यायाधिकाऱ्यानं त्यांच्यावर बलात्कार केला. हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे, आणि छापलेलं आहे. मी त्या मजकुरापाशी आले की पुस्तक मिटून ठेवते. आमच्या भागात पाहुण्याला आधी पाण्याचा तांब्या देतात, असं आम्ही अभिमानानं सांगतो. त्या बाईला आमच्या मातीनं काय दिलं, तेही आम्ही आमच्या लेकीबाळींना सांगायला हवं.

या पुस्तकाबद्दल मी मावशीशी बोलले होते. मावशी घनसावंगीकडची. उमेदीची सगळी वर्षं तिनं ऊसतोडीत घातली. आमच्या जिल्ह्यातून, घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतून, दसरा-दिवाळी झाली की माणसं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. तिथला हिशेब असा: कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तोडीला दोघं, मोळी बांधायला दोघं, गाडी भरायला दोघं. त्यात पहाटेच्या भाकरी आणि पोरांचं सगळं बाईकडं. पण हंगामाआधी मुकादम जी उचल देतो ती नवऱ्याच्या हातात. बाईला उचलीचा आकडा पुष्कळदा कारखान्यावर पोचल्यावर कळतो, आणि तोवर ती रक्कम कुणाच्या लग्नात किंवा जुन्या कर्जात गेलेली असते. मग सहा महिने न पाहिलेल्या पैशासाठी राबायचं. हंसाबाईंचे करार वाचताना मला ही उचलच आठवते. निर्मात्याशी बोलणी नवरा करणार, रक्कम त्याच्याकडं येणार, आणि ती रक्कम फेडायला त्या तोंडाला रंग लावून उभ्या राहणार.

मावशीला मी पुस्तकातली सगळी हकीकत सांगितली. प्रेमं, भांडणं, घर सोडणं, सगळं. तिनं मधे एकदाही ‘अरेरे’ म्हटलं नाही. माझं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, “एवढी कमवत होती, मग तिचा पैसा राहत व्हता कुणापशी?” इतके लेख वाचले, इतक्या चर्चा ऐकल्या, पण हा प्रश्न इतक्या सरळपणे मला कुठं भेटला नव्हता.

हे आमच्याच मुलखात होतं असं मी मानत नाही. इंग्रिड बर्गमन ही हंसाबाईंहून आठ वर्षांनी मोठी. 1915 मध्ये स्टॉकहोमला जन्मली, तिथल्या रॉयल ड्रॅमॅटिक थिएटरच्या शाळेत शिकली आणि 1939 मध्ये हॉलिवूडला गेली. ‘कासाब्लांका’मुळं ती जगभर पोचली. नंतर तिनं 1945 मध्ये जोगीण रंगवली, 1946 मध्ये ब्रॉडवेच्या रंगमंचावर जोन ऑफ आर्कची भूमिका केली आणि 1948 मध्ये तीच संत पडद्यावर उभी केली. अमेरिकेनं तिला देव्हाऱ्यात बसवलं. तिचा पैसा आणि करारमदार बघण्यात नवऱ्याचा मोठा हात होता. मग 1949 मध्ये ती रोबेर्तो रोस्सेलिनी या दिग्दर्शकाबरोबर काम करायला इटलीत गेली आणि त्याचीच झाली. पोटच्या मुलीपासून ताटातूट झाली. मार्च 1950 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका सभासदानं उभं राहून तिची निर्भर्त्सना केली. एका नटीनं कुणाबरोबर राहावं हा देशाच्या संसदेचा विषय झाला! पुढं ‘अनास्तासिया’साठी तिला ऑस्कर मिळालं, लोकांनी तिला पुन्हा जवळ केलं, आणि 1980 मध्ये तिनंही आपली कहाणी पुस्तकातून सांगितली.

स्टॉकहोम आणि मुंबई यांच्यात साम्य काय असणार? पण या दोन बायांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी घडली. त्यांनी संतिणींचं काम इतकं जीव ओतून केलं की लोकांनी काम करणारीकडून संतपण मागितलं. पुरुषाला हे ओझं वेगळ्या रीतीनं मिळतं. प्रभातच्याच ‘संत तुकाराम’मधले विष्णुपंत पागनीस पाहा. लोक त्यांना तुकारामच समजू लागले, आणि त्या समजुतीनं त्यांच्याभोवती आदर वाढतच गेला. सखू मात्र रंग पुसून स्टुडिओबाहेर आली की ती पुन्हा कलावंतिणीची पोर.

हंसाबाईंच्या अभिनयाबद्दल बोलायचं तर मी ‘लोकशाहीर रामजोशी’पासून सुरुवात करीन. 1947 चा, राजकमलचा चित्रपट. जयराम शिलेदार रामजोशी आणि हंसाबाई तमाशातली बया. मराठी तमाशापटांची वाट या सिनेमानं पाडली असं म्हणतात ते खरंच आहे, पण नंतरच्या तमाशापटांत फडावरची बाई पुष्कळदा नुसती ठसका आणि नजर होऊन राहिली. हंसाबाईंची बया तशी नाही. तिच्यात कलेची घमेंड आहे. समोरच्या पंडितासमोर ती उभी राहते तेव्हा आपल्या विद्येचं वजन तिला ठाऊक असतं. पाय, कंबर, हात हे सगळं तालात असताना डोळे मात्र स्थिर, समोरच्याला जोखणारे. हा स्थिरपणा शिकवून येत नसावा. पिढ्यान्पिढ्या लोकांसमोर उभं राहिलेल्या घरातल्या मुलीच्या अंगात तो आपसूक मुरलेला असावा. ज्या घराण्याचं नाव लपवायला आडनाव बदललं, त्याच घराण्यानं त्यांना ही नजर दिली होती.

‘पुढचं पाऊल’मध्ये पु. ल. देशपांड्यांबरोबर त्या होत्या. नाटकांतही कामं केली. आणि 1959 मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो 131 आठवडे चालला. त्यात जयश्री गडकर पुढं आल्या, आणि हंसाबाईंकडं वडीलधाऱ्या बाईचं काम होतं. तरुण नटीला नाच आणि गाणी, थोरलीला दुःख, ही वाटणी सिनेमात ठरलेलीच असते. छत्तिसाव्या वर्षी त्यांना ती स्वीकारावी लागली. पण सिनेमाचं नाव त्यांनी आपल्याकडं ठेवून घेतलं. आयुष्य सांगायची वेळ आली तेव्हा तेच नाव आत्मकथनाला दिलं.

हे सांगणं 1966 मध्ये ‘माणूस’च्या दिवाळी अंकात आलं. शब्दांकन अरुण साधू यांचं. तेव्हाचे साधू विशीतले पत्रकार, ‘सिंहासन’ लिहायला अजून बराच अवकाश होता. 1970 मध्ये राजहंसनं पुस्तक काढलं. साधूंचे उपकार असे की त्यांनी त्या बोलण्याला सभ्य केलं नाही. वाक्यं तोकडी, बोलल्यासारखी. दारू कधी सुरू झाली, कुणाबरोबर राहिले, मूल नको म्हणून काय सोसावं लागलं, लेक कशी दुरावली, सगळं त्याच एका आवाजात, जसा पाण्याचा हंडा उचलताना बाईचा आवाज असतो. त्यात त्या कुणाला शिव्याशाप देत नाहीत आणि स्वतःची वकिलीही करत नाहीत. आमच्या विद्यार्थिनींना मी आत्मचरित्रं वाचायला देते तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’शेजारी हे पुस्तक ठेवते. एकदा एका पालकांनी येऊन विचारलं होतं, हे मुलींना कशाला देता? मी म्हटलं, त्यांच्या वयातच या बाई कामाला लागल्या होत्या.

पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1971 मध्ये, हंसाबाई गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती. 1977 मध्ये श्याम बेनेगल यांनी या पुस्तकावरून ‘भूमिका’ केला. त्यातल्या उषाच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा मोठा आहे यात शंका नाही. अमरीश पुरींनी उभा केलेला तो वाड्याचा मालक, त्याची अंथरुणाला खिळलेली पहिली बायको, आणि बाहेर पडायला निघालेल्या उषाला अडवणारं ते घर, हे पाहताना मराठवाड्याचीच पानं डोळ्यांसमोर येतात. तरी माझी एक तक्रार आहे. ‘भूमिका’ पाहून लोक बाहेर पडतात ते उषाच्या एकटेपणाबद्दल बोलत. पुस्तक वाचून उठल्यावर मला एकटेपणापेक्षा त्यांची टिकाव धरण्याची ताकद जास्त जाणवते. एवढं सगळं होऊन ही बाई पुन्हा सेटवर गेली, संवाद पाठ केले, नव्या मुलींच्या शेजारी उभी राहिली आणि काम चोख केलं.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं होतं. म्हटलं, पैसा नवऱ्यापाशी, त्याच्याआधी माहेरी. वाड्यात होती तेव्हा कमाईच नव्हती.

“अन् तिथून सुटल्यावर?”

“परत सिनेमात कामाला गेली.”

मावशी शेंगा फोडत बसली होती. टरफलं सुपात सारत म्हणाली, “मंग? जाणारच की. काम तिच्या हातातलं व्हतं. ते थोडंच कुणी काढून घेतंय.” आणि मला म्हणाली, “हे पुस्तक सुनंला वाचून दाखव माझ्या. अवंदा उचल तिच्या नावावर घ्यायची म्हणते ती. मुकादम ऐकंना झालाय.”